पॅरिसमध्ये दीड महिन्यासाठी घर: आजी-आजोबा, मुलं आणि कुकरसकट

मे महिन्याच्या सुट्टीत पाच-सहा जणांचं कुटुंब पॅरिसला दीड महिना राहणार असेल तर हॉटेलचा हिशेब जमत नाही. खर्च तर आहेच, शिवाय रोजचा वरण-भात आणि धुण्याचे कपडे यांची सोय हॉटेलात होत नाही. त्यामुळे भांड्याकुंड्यांसकट मिळणारं सुट्टीचं घर घ्यायचं. मात्र त्याचे फोटो बघून जे कळतं त्यापेक्षा न कळणारं जास्त असतं. जिना, गरम पाण्याची टाकी, शेगडीचा प्रकार आणि करारातला एक छोटासा शब्द, नंतरची भांडणं याच चार ठिकाणी होतात. पैसे पाठवण्याआधी ती सगळी विचारून घेता येतात.

तारखा आधी, घर नंतर

शेंगेन व्हिसावर (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. दीड महिना त्यात सहज बसतो, पण घरातलं कुणी मधल्या काळात ऑफिसच्या कामाने जर्मनी किंवा नेदरलँड्सला जाऊन आलं असेल तर ते दिवस वजा करा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, चौकशी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यातच मार्च-एप्रिलमध्ये मुंबई-पुण्यातल्या, व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस केंद्रांवर वेळ मिळणं कठीण होतं, कारण अख्खा महाराष्ट्र त्याच सुट्टीला निघालेला असतो. मेमध्ये जायचं तर फेब्रुवारीत अर्ज, म्हणजे जानेवारीत घर ठरलेलं हवं.

१ मेला पोचू नका. त्या दिवशी फ्रान्समध्ये जवळपास सगळं बंद असतं, दूध-पावाचीही पंचाईत होते. ८ मेलाही सुट्टी असते. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला रोलां गारोची टेनिस स्पर्धा असते, तेव्हा सोळाव्या विभागात (पॅरिस शहर अशा क्रमांकाच्या विभागांत वाटलेलं आहे) आणि आसपास भाडी चढतात. तिकडे राहायचा हट्ट नसेल तर तो भाग सोडूनच बघा.

व्हिसा नाकारला तर पैशाचं काय

व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे व्हिसा हातात नसताना घर पक्कं करावं लागतं. पाच जणांपैकी एकाचा जरी अर्ज नाकारला गेला तरी सगळी सहल कोसळू शकते, म्हणून करारातला एक शब्द नीट बघा.

फ्रेंच कायद्यात आगाऊ रकमेचे दोन प्रकार आहेत. एक ‘आर’, दुसरा ‘अकोंत’. रक्कम ‘आर’ असेल तर तुम्ही माघार घेतल्यावर ती बुडते, पण जबाबदारी तिथेच संपते. मालकाने माघार घेतली तर त्याला दुप्पट परत करावी लागते. रक्कम ‘अकोंत’ असेल तर दोघंही पुरते बांधले जातात आणि तुम्ही गेला नाहीत तरी मालक उरलेलं भाडं मागू शकतो. व्हिसा हातात नसलेल्या माणसाने ‘आर’च लिहून घ्यावं. त्याच्या जोडीला एक वाक्य मागा: व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवल्यास आगाऊ रक्कम परत. बरेच मालक हे मान्य करतात, विशेषतः जानेवारीत, कारण त्यांच्या हातात दुसरं गिऱ्हाईक शोधायला वेळ असतो. हेच एप्रिलमध्ये मागितलंत तर नाही म्हणतील.

घर एजन्सीमार्फत घेत असाल तर एजन्सीला एकूण भाड्याच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेता येत नाही, आणि तीही राहायला येण्याच्या सहा महिन्यांपेक्षा आधी मागता येत नाही. खासगी मालकाला ही मर्यादा नाही, तिथे ठरेल तसं.

बँकेतून पैसे पाठवताना ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन लागतो. फ्रान्समधल्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ‘एफआर’ने सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो. खात्यावरचं नाव आणि करारावरचं नाव जुळलंच पाहिजे. खातं भलत्याच देशातलं निघालं, किंवा ‘तंबाखूच्या दुकानातून प्रीपेड कूपन घेऊन त्याचा नंबर पाठवा’ असं कुणी सांगितलं, तर तिथेच थांबा. ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. घराचे फोटो इंटरनेटवर उलट्या शोधातही (फोटो टाकून तो कुठे कुठे आहे ते बघायचं) टाकून बघा. तेच घर दुसऱ्या शहरात दुसऱ्या भाड्याने दिसलं की समजलं.

शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर मालकाला खालच्या मुख्य दारापासून चालत वर यायला सांगा. घर खरं आहे की नाही ते त्यात कळतंच, शिवाय जिना किती वळणांचा आहे तेही मोजता येतं.

जाहिरात वाचायची कशी

‘त्र्वा पिएस’ म्हणजे तीन खोल्यांचं घर. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यात धरत नाहीत, म्हणून आपल्या हिशेबाने ते टूबीएचके. ‘द पिएस’ म्हणजे वनबीएचके. पाच जणांसाठी ‘द पिएस’ची जाहिरात असेल तर हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे असं समजा. आठवडाभर चालतं. दीड महिना रोज रात्री सोफा उघडायचा, सकाळी मिटायचा, आणि आजोबा नऊलाच झोपले म्हणून बाकीच्यांनी अंधारात बसायचं, हे जमत नाही.

क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. त्याला १०.७६ ने गुणलं की चौरस फूट. ६० चौ.मी. म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट, आणि तो कार्पेट एरियासारखाच आकडा असतो. ‘ल्वा कारे’ (क्षेत्रफळ मोजण्याचा फ्रेंच कायदा) असा उल्लेख असेल तर १.८० मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग त्यात धरलेला नसतो. छपराखालच्या घरांत हे महत्त्वाचं, कारण उतरत्या छताखालची जागा फोटोत छान दिसते, पण तिथे उभं राहता येत नाही. पाच जणांसाठी ६० ते ६५ चौ.मी. धरा. चाळीसमध्ये लोक राहतात, पण बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत सुटत नाही.

मजले आपल्यासारखेच मोजतात. तळमजला ‘रे-द-शोसे’, त्याच्यावर पहिला. जुन्या इमारतीत लिफ्ट नसणं अगदी सामान्य आहे, पाचवा मजला म्हणजे शंभरच्या आसपास पायऱ्या. ‘लिफ्ट आहे’ एवढं उत्तरही पुरेसं नाही. जुन्या जिन्याच्या मधोमध बसवलेली लिफ्ट दोन-तीन माणसांची असते आणि कधी तिच्यापाशी जायलाच चार पायऱ्या चढाव्या लागतात. विचारायचं ते असं: रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्टमध्ये मोठी बॅग आणि माणूस एकदम मावतात का?

घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर तेराव्या विभागातला ओलांपियाद भाग बघा. १९७० च्या दशकातले टॉवर आहेत, मोठ्या लिफ्ट आहेत आणि खाली चौदा नंबरची मेट्रो आहे. पॅरिसच्या मेट्रोत लिफ्ट असलेली स्थानकं मोजकीच, पण चौदा नंबरची मार्गिका सगळ्या स्थानकांवर पायऱ्यांशिवाय वापरता येते, आणि जून २०२४ पासून ती थेट ऑर्ली विमानतळापर्यंत जाते. आसपास आशियाई किराण्याची मोठी दुकानं आहेत. तांदूळ, आलं, कोथिंबीर, हिरवी मिरची सगळं मिळतं. फोटोतलं पॅरिस मात्र हे नव्हे, ते मेट्रोने वीस मिनिटांवर. पंधराव्या विभागात शांत, शाळा-बागांचा, कुटुंबवत्सल भाग आहे. बाराव्यात व्हॅन्सेनचं जंगल जवळ, मुलांना सायकलला उत्तम. मोंमार्त्र टेकडीवर आहे, तिथे रोज किराणा घेऊन चढायचं असतं हे विसरू नका.

नोंदणी क्रमांक

पॅरिसमध्ये सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घराच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक असावा लागतो. पालिकेने दिलेला क्रमांक १३ अक्षरांचा असून त्यातली पहिली पाच विभाग दाखवतात. ७५११८ म्हणजे अठरावा विभाग, ७५११३ म्हणजे तेरावा. जाहिरातीत पंधरावा विभाग आणि क्रमांकात ७५११८ असेल तर कुणीतरी दुसऱ्याचा क्रमांक चिकटवलाय.

मालक स्वतः ज्या घरात राहतो ते त्याला वर्षाला १२० रात्री भाड्याने देता यायचं. १ जानेवारी २०२५ पासून पॅरिसने ही मर्यादा ९० रात्रींवर आणली. तुम्हाला दीड महिना म्हणजे ४५ रात्री हव्या आहेत, म्हणजे त्याचा निम्मा कोटा. ‘यंदा किती रात्री आधीच दिल्यात?’ हे थेट विचारा. जानेवारीत कोटा कोरा असतो, हेही लवकर ठरवण्याचं एक कारण. नियमबाह्य घरात राहिलात म्हणून दंड तुम्हाला होत नाही, तो मालकाला होतो. पण पालिकेची नोटीस आली की तो बुकिंग रद्द करतो, आणि तुमच्या व्हिसाच्या अर्जाला तोच पत्ता जोडलेला असतो.

मालकाला पाठवायचे प्रश्न

एका मेलमध्ये, छोट्या वाक्यांत, फ्रेंचमध्ये पाठवा. यंत्राने भाषांतर केलेलं चालतं. उत्तरंही मेलवरच घ्या, फोनवर नको.

- गरम पाण्याची टाकी किती लिटरची, आणि ती फक्त रात्री तापते का?
- शेगडी गॅसची, इंडक्शनची की साध्या काचेची?
- कपडे धुण्याचं यंत्र घरात आहे ना? किती किलोचं?
- चादरी-टॉवेल भाड्यात धरलेत का? शेवटची साफसफाई? वीज?
- पर्यटन कर भाड्यात आहे की वेगळा? तो दर रात्री, दर माणशी असतो, १८ वर्षांखालच्यांना माफ.
- अनामत रक्कम किती, कशी घेणार आणि किती दिवसांत परत? तारीख करारात लिहा.
- सहाजण राहणार असू तर सहा नावं करारात घालाल का?

शेवटचा प्रश्न गमतीचा वाटतो, पण व्हिसाच्या अर्जात प्रत्येकाचं नाव त्या पत्त्यावर दिसायला हवं. करारावर फक्त बाबांचं नाव असेल तर आजीच्या अर्जाला स्वतंत्र पत्र जोडावं लागतं.

पाणी

बऱ्याच घरांत विजेवर तापणारी उभी टाकी असते, तिला ‘बालों’ म्हणतात. रात्री वीज स्वस्त असते म्हणून ती रात्री तापते आणि दिवसभर तेवढंच पाणी पुरवायचं असतं. चार माणसांच्या घरात साधारण २०० लिटरची टाकी असते, छोट्या घरात ५० ते १०० ची. शॉवरखालची पाच मिनिटं म्हणजे ५० लिटरच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा. शेवटच्या माणसाला गार पाणी आलं तर टाकी बिघडलेली नसते, संपलेली असते. विजेच्या पेटीत ‘मार्श फोर्से’ असं लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की टाकी दिवसाही तापायला लागते. पोचल्यावर मालकाला ते कुठे आहे दाखवायला सांगा.

न्हाणीघराच्या जमिनीला आपल्यासारखा उतार नसतो आणि पाणी जायला जाळीही नसते. बादली-तांब्याने अंघोळ बाहेर बसून केली, किंवा फरशी धुवायला पाणी ओतलं, तर ते खालच्या घराच्या छतातून गळतं. जुन्या इमारतींत जमीन लाकडाची असते, त्यामुळे गळती लगेच पोचते आणि नुकसानभरपाईचं प्रकरण सुरू होतं. अंघोळ टबच्या किंवा शॉवरच्या कोपऱ्याच्या आतच, पडदा आत सोडून. प्रवास विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारी येते का तेही बघा. व्हिसासाठी लागणारा किमान ३०,००० युरोंचा विमा वैद्यकीय खर्चाचा असतो, ओल्या छताचा नाही.

संडासात जेट नसतो. एक प्लास्टिकचा मग किंवा प्रवासाची दाबायची बाटली घेऊन जा.

शेगडी आणि फोडणी

इंडक्शन आणि साधी काचेची शेगडी फोटोत हुबेहूब सारख्या दिसतात. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, तळाला लोहचुंबक चिकटलं तरच भांडं चालतं. स्टीलचा इंडक्शन तळाचा तीन लिटरचा कुकर आणि सपाट लोखंडी तवा घरून नेणं सगळ्यात सोपं. फुलके आचेवर फुगवता येत नाहीत, तव्यावरच कपड्याने दाबून फुगवायचे. दोन्ही चुली पूर्ण शक्तीवर एकदम लावल्या तर काही शेगड्या आपोआप एकीची शक्ती कमी करतात. बिघाड समजू नका.

मार्च २०१५ पासून फ्रान्समधल्या प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे. मिरचीची फोडणी त्याला आग वाटते. खिडकी उघडून, चिमणी लावून, झाकण ठेवून फोडणी करा. अलार्म काढून ठेवू नका.

विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मिक्सर चालतो. प्लग मात्र बसत नाही, कारण तिथल्या सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन सॉकेटमधूनच बाहेर आलेली असते. आपल्या तीन पिनांसाठी अर्थिंग जोडणारा अ‍ॅडॉप्टर इथूनच दोन-तीन घ्या, आणि एक चार तोंडांचा एक्स्टेंशन बोर्ड.

बॅगेत काय नको

युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या सगळं बाद. मटणाचं लोणचं वगैरे मांसाचे पदार्थही नकोत. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना. हापूस या यादीत नाही, त्यामुळे मेमध्ये निघताना पेटी घेऊन जायचा मोह आवरा. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चकल्या, कोरड्या चटण्या चालतात.

डाळी-पीठ नेऊन वजन वाढवू नका. उत्तरेकडच्या ला शापेल भागात श्रीलंकन तमिळ आणि भारतीय किराण्याची दुकानं एकाला एक लागून आहेत. तूरडाळ, आटा, तूप, कढीपत्ता सगळं मिळतं. जवळच रू पाजोल या रस्त्यावर गणपतीचं मंदिर आहे, आजी-आजोबांची एक सकाळ तिथे जाते. साध्या सुपरमार्केटमध्ये ‘लांती कोराय’ म्हणजे मसूर डाळ. फ्रेंच पिठावर टी-५५ लिहिलं असेल तर तो मैदा, टी-१५० म्हणजे कोंड्यासकट गव्हाचं. पोळ्या दोन्हींच्या नीट होत नाहीत, आट्याची पिशवीच आणा. दुधाची लाल झाकणाची बाटली पूर्ण सायीची, निळी अर्ध्या सायीची. विरजणासाठी साधं ‘याऊर्त नात्यूर’ घ्या.

पोचल्याचा दिवस

मालक किंवा त्याचा माणूस घराच्या स्थितीची यादी घेऊन येतो, ‘एता दे लिय’. थकलेले आहात म्हणून तशीच सही करू नका. अर्धा तास लागतो. फरशीवरचे ओरखडे, गादीवरचे डाग, फुटका कप, न उघडणारी खिडकी, सगळं लिहून घ्या आणि तारखेसह फोटो काढा. दोन्ही चुली, ओव्हन, धुण्याचं यंत्र लावून बघा. अनामत क्रेडिट कार्डावर अडकवणार असतील तर कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच चालू केलेला हवा, आणि ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर.

दाराबाबत घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा, आजोबांनाही. फ्रेंच घरांचं दार लॅचचं असतं आणि बाहेरची मूठ फिरत नाही. कचरा टाकायला गेलात आणि मागे दार आपटलं की तुम्ही बाहेर. आतून किल्ली कुलपात राहिली असेल तर बाहेरून दुसरी किल्ली फिरतही नाही. किल्ली आतून कधीच लावून ठेवायची नाही, आणि एक जोड नेहमी घराबाहेर असलेल्या माणसाकडे. पत्रपेट्यांमध्ये टाकलेल्या छापील कार्डांवरच्या कुलूपवाल्यांना बोलावू नका, रात्री ते वाट्टेल तेवढं बिल करतात. आधी मालकाला फोन. खालच्या दाराचा डिजिकोड (दार उघडायला दाबायचा आकडा) सगळ्यांच्या फोनमध्ये लिहून ठेवा.

रोजचं

लाकडी जमिनीवर मुलं धावली की खालच्या माणसाच्या डोक्यावर धावतात. रात्री दहा ते सकाळी सात आवाजाबद्दल तक्रार झाली तर दंड होऊ शकतो. घरात चप्पल न घालण्याची आपली सवय इथे कामाला येते. जूनमध्ये अंधार दहाच्या सुमाराला पडतो, त्यामुळे जाड पडदे किंवा लाकडी झडपा नसतील तर लहान मुलं झोपत नाहीत. हेही फोटोत बघून घ्या.

कचऱ्याचे डबे अंगणात: पिवळ्या झाकणात कागद, प्लास्टिक, डबे. पांढऱ्यात काच. हिरव्यात उरलेलं. काच रात्री टाकू नका, सगळी सोसायटी जागी होते.

एसी बहुतेक घरांत नाही. मेमध्ये गरजही नाही, रात्री स्वेटर लागतो. पण जूनमध्ये उष्णतेची लाट आली तर जस्ताच्या छपराखालचं घर तव्यासारखं तापतं. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश नोंदले गेले होते. आजी-आजोबा असतील तर सर्वात वरचा मजला टाळा. लाट आलीच तर दिवसा खिडक्या-झडपा बंद, रात्री सगळं उघडं, नागपूरवाल्यांना हे शिकवायला नको.

मेट्रोचा नाविगो आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असतो, महिन्याचा एक तारखेपासून. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो. शुक्रवारी पोचलात तर सुटी तिकिटं घ्या आणि सोमवारपासून पास. पासच्या नाविगो कार्डासाठी २५ बाय ३० मिलिमीटरचे फोटो इथूनच कापून न्या. वैद्यकीय अडचणीला १५, कुठल्याही आपत्तीला ११२.

निघताना

शेवटचं धुणं दोन दिवस आधी उरका, ड्रायर नसेल तर कपडे वाळायला तेवढा वेळ लागतो. फ्रीज आणि ओव्हन तुम्हीच पुसा. साफसफाईचे पैसे दिलेले असले तरी तळणाचे डाग अनामतीतून कापले जातात. यादी मालकासमोर पुन्हा तपासून त्याची सही घ्या. तो येणार नसेल आणि किल्ली पत्रपेटीत टाकायची असेल, तर प्रत्येक खोलीचा आणि शेवटी पेटीत पडणाऱ्या किल्लीचा सलग एक व्हिडिओ करा आणि तिथूनच त्याला पाठवून द्या.